तीर्थ म्हणजे उतार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे होमिओपॅथिक डॉक्टर आणि विषयापुढे ख्रिस्ती बांधवांची पवित्र भूमीची यात्रा, हे वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. त्यातून मी जैन. तेव्हा थोडा खुलासा आधी करतो.

आपल्या बेळगावच्या बाजूला एकाच गल्लीत जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, ख्रिस्ती राहत आले आहेत. दवाखान्यात बसलं की सगळ्यांची दुखणी कळतात आणि दुखण्यांबरोबर मनसुबेही कळतात. ख्रिस्ती घरांतली साठी ओलांडलेली माणसं येऊन विचारतात, “डॉक्टर, होली लँडच्या टूरला नाव घातलंय. गुडघे साथ देतील का?” मग मी त्यांना सांगतो, जुन्या जेरुसलेमच्या फरसबंद गल्ल्या घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट घ्या. सिनाय पर्वत २२८५ मीटर उंच आहे, तो रात्री चढतात, तिथं हट्ट करू नका. मृत समुद्र समुद्रसपाटीखाली सुमारे ४३० मीटरवर आहे आणि त्याचं पाणी इतकं खारट की बारीकशी जखमही झोंबते. मधुमेह असेल तर आधी पाय नीट तपासून घ्या.

ही मंडळी परत येतात तेव्हा यार्देन नदीच्या पाण्याची बाटली आणि ऑलिव्हच्या लाकडाचा क्रूस घेऊन येतात, आणि भरभरून बोलतात. मी स्वतः तिथं गेलेलो नाही. पण ऐकत गेलो, मग वाचत गेलो. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे पुस्तक मराठीतच आहे. ऐकता-वाचता एक प्रश्न मनात धरून बसला. तीर्थ कशाला म्हणायचं? जागेला, की आणखी कशाला? आज तुमच्यापुढे तोच मांडणार आहे.

आधी ही यात्रा कशी असते ते पाहू. गोवा, वसई, मुंबई, मंगळूर इथून जथे निघतात. चाळीस-पन्नास माणसं, बरोबर एक फादर, तिकडे गेल्यावर एक बस आणि एक स्थानिक वाटाड्या. दहा-बारा दिवसांचा प्रवास. बरेच जथे जॉर्डनमधल्या अम्मानला उतरतात. तिथून नेबो पर्वतावर जातात. मोशेनं मरणापूर्वी वचनदत्त देश लांबून पाहिला तो इथून. मग गालीलचं सरोवर, नाझरेथ, काना, कफर्णहूम, यरीहो, बेथलेहेम आणि शेवटी जेरुसलेम. काही जथे पुढं इजिप्तमध्ये सिनायलाही जातात. कानामध्ये येशूनं लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, म्हणून तिथं जोडपी लग्नाची वचनं पुन्हा म्हणतात. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं नवऱ्याचा हात धरून पुन्हा “होय” म्हणायचं, ही गोष्ट मला फार आवडते. यार्देनच्या काठी बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतात. जेरुसलेममध्ये क्रूसमार्गाची चौदा ठिकाणं प्रार्थना म्हणत चालतात. त्यांतली नऊ गल्लीत आणि पाच चर्चच्या आत आहेत. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन संन्यासी याच वाटेनं मिरवणूक नेतात. दुतर्फा दुकानं, मसाल्यांचे ढीग, घासाघीस आणि त्यातून ही प्रार्थना चाललेली.

या सगळ्यात एक रीत सगळीकडे सारखी असते. बस थांबली, माणसं उतरली की त्या जागी जे घडलं त्याचा शुभवर्तमानातला उतारा कोणीतरी मोठ्यानं वाचतं. मग प्रार्थना, मग थोडी शांतता. ही रीत किती जुनी आहे ठाऊक आहे? चौथ्या शतकाच्या अखेरीस, सुमारे ३८१ ते ३८४ या काळात, एगेरिया नावाची एक बाई युरोपच्या पश्चिमेकडून, बहुधा स्पेनच्या बाजूनं, या प्रदेशात आली. तिनं घरच्या भगिनींना लिहिलेलं पत्ररूप प्रवासवर्णन १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो इथं एका हस्तलिखितात सापडलं. सुरुवातीची आणि शेवटची पानं हरवलेली. ती लिहिते की प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर आम्ही त्या जागेचा उतारा वाचून घेत होतो. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही यात्रेकरू हातात पोथी घेऊन आणि पोथीतली जागा शोधत फिरत होते. याच बाईनं आणखी एक नोंद केली आहे. गुड फ्रायडेला क्रुसाच्या लाकडाचं दर्शन देताना सेवक दोन्ही बाजूंना पहारा करत, कारण पूर्वी कोणीतरी चुंबन घेण्याच्या निमित्तानं त्या लाकडाचा तुकडाच चावून पळवला होता! भक्ती आणि हाव एकाच रांगेत उभी असतात, हे तुम्हा-आम्हाला कोणत्याही देवळात दिसतं.

पोथीतून जागा दाखवण्याचं हे काम मराठीतही फार लवकर झालं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानं गोव्यात राहून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. समुद्रापलीकडे कधीही न जाणारी गोव्यातली कुटुंबं चारशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेच्या ओवीतून बेथलेहेमला जाऊन येत होती. तेव्हा हा विषय मराठीला परका नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यात्रेकरू ज्या जागेपाशी उभा राहतो ती नेमकी तीच जागा असते का? नाझरेथमध्ये देवदूतानं मरियेला संदेश दिला ती जागा कोणती? कॅथलिक म्हणतात, जिथं आमची मोठी बॅसिलिका आहे त्या गुहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स म्हणतात, गावच्या झऱ्यापाशी, जिथं आमचं संत गॅब्रिएलचं चर्च आहे. दोन्ही एकाच गावात, थोड्या अंतरावर. काना म्हणून आज कफर कन्ना हे गाव दाखवतात. पण उत्तरेकडची खिर्बेत काना ही ओसाड जागाही अभ्यासक पुढं करतात, आणि लेबनॉनमध्येही एक काना आहेच. येशूची कबर बहुतेक सगळे जुने पंथ पवित्र कबरेच्या चर्चमध्ये मानतात. १८८३ मध्ये जनरल गॉर्डन या इंग्रज सेनापतीनं तटाबाहेरच्या एका बागेतली कबर दाखवली आणि अनेक प्रॉटेस्टंट जथे आजही त्या बागेत जाऊन प्रार्थना करतात. ती कबर येशूच्या कित्येक शतकं आधीची आहे असं पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. तरी त्या बागेत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नसतं.

आपण जैनांनी यावर हसू नये. भगवान महावीरांचं जन्मस्थान कोणतं? कोणी वैशालीजवळचं वासोकुंड सांगतं, कोणी नालंदाजवळचं कुंडलपूर, आणि श्वेतांबर परंपरा लछुआडच्या बाजूचं क्षत्रियकुंड मानते. तीनही बिहारमध्येच आहेत आणि तीनही ठिकाणी मंदिरं आहेत, यात्रा आहेत.

यार्देनची गोष्ट तर सगळ्यांत बोलकी आहे. योहानानं येशूला बाप्तिस्मा दिला ती जागा यरीहोजवळ, मृत समुद्राच्या थोडी वर. पूर्व काठावर जॉर्डन देशात अल-मगतास, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. पश्चिम काठावर समोरच कसर अल-यहूद. १९६७ च्या युद्धानंतर हा पश्चिम काठ बंद झाला आणि तिथं सुरुंग पेरले गेले. मग यात्रेकरूंनी काय करावं? १९८१ मध्ये गालीलच्या सरोवरातून नदी बाहेर पडते तिथं यार्देनित नावाची जागा तयार करण्यात आली. मूळ जागेपासून लांब, पण नदी तीच. कितीतरी वर्षं जगभरच्या लोकांनी तिथंच पांढरे झगे घालून पाण्यात डुबकी घेतली. कसर अल-यहूद २०११ पासून पुन्हा रोज उघडं झालं. वरच्या अंगाला पाणी शेतीसाठी आणि शहरांसाठी उचललं गेल्यानं नदी तिथं अगदी अरुंद आणि गढूळ आहे. दोन काठ, दोन राज्यं, दोन्हीकडे पहारा. मध्ये काही मीटर पाणी आणि दोन्ही काठांवर तेच भजन म्हणणारी माणसं एकमेकांकडे पाहत उभी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या काही जुन्या प्रतींत या जागेचं नाव बेथाबरा असं येतं. अर्थ, पलीकडे जाण्याचं घर. इथूनच इस्राएली लोक यहोशवाबरोबर नदी उतरून गेले अशी परंपरा आहे. म्हणजे ही जागा मुळात उतार होती. उतार म्हणजे काय हे तुम्हा कृष्णा-मलप्रभेकाठच्या लोकांना मी सांगायला नको. जिथं नदी पायी ओलांडता येते ती जागा. आणि संस्कृतात ‘तीर्थ’ शब्दाचा मूळ अर्थही हाच. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणं, आणि जिथून तरून जाता येतं ते तीर्थ. हा उतार जो बांधून देतो तो तीर्थंकर. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, पण पवित्र जागेचं नाव ठेवताना दोघांनाही नदीचा उतारच आठवला. उताराचा उपयोग पलीकडे जाण्यासाठी असतो. उतारावर कोणी घर बांधून बसत नाही.

पण माणूस नेमका तेच करू पाहतो. जेरुसलेमचं पवित्र कबरेचं चर्च घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात बांधलेलं, ३३५ मध्ये अर्पण झालेलं, १००९ मध्ये खलिफा हाकिमच्या हुकमानं पाडलेलं, पुढं बाराव्या शतकात क्रुसेडरांनी पुन्हा उभारलेलं. आज त्यात सहा पंथांचे हक्क आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिकांच्या वतीनं फ्रान्सिस्कन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कोणती वेदी कोणाची, कोणता दिवा कोणाचा, कोणत्या पायरीला झाडू कोणी मारायचा, मिरवणूक किती वाजता निघायची, हे सगळं ठरलेलं. ऑटोमन सुलतानानं १८५२ मध्ये फर्मान काढून सांगितलं की आज जसं आहे तसंच राहील. याला ‘स्टेटस को’ म्हणतात. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, ती अठराव्या शतकातल्या चित्रातही दिसते. ती कोणी हलवायची हे ठरलेलं नाही, म्हणून ती तिथंच!

या व्यवस्थेत प्रेम कमी आणि संशय जास्त. २००२ मध्ये छपरावर बसणाऱ्या एका कॉप्टिक संन्याशानं उन्हामुळं आपली खुर्ची ठरलेल्या जागेवरून सावलीत सरकवली, तर इथिओपियन संन्याशांशी मारामारी झाली आणि अकरा जण इस्पितळात गेले. बेथलेहेममध्ये जन्मस्थानावरचा चांदीचा तारा १८४७ मध्ये चोरीला गेला. त्यावरून पेटलेला वाद युरोपच्या राजकारणात गुंतला आणि क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांत जाऊन बसला. एका ताऱ्यापायी!

तरीही मित्रहो, या भांडणातून त्यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी राखल्या आहेत. पहिली म्हणजे चर्चच्या दाराची किल्ली यांच्यापैकी कोणाकडेच नाही. ती जौदेह या मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचं काम नुसैबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. परंपरा सलाहुद्दीनच्या काळापर्यंत नेली जाते. पहाटे आतले संन्यासी दारातल्या झरोक्यातून एक लहान शिडी बाहेर देतात, तिच्यावर चढून वरचं कुलूप उघडलं जातं. आतले शिडी देतात, बाहेरचा कुलूप काढतो. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. दुसरी गोष्ट अलीकडची. कबरेवरची लहान वास्तू १८०८ च्या आगीनंतर १८१० मध्ये बांधलेली, खचत चाललेली. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला. तो तात्पुरता आधार सुमारे सत्तर वर्षं तसाच राहिला, कारण दुरुस्ती कोणी करायची यावर एकमत नव्हतं. शेवटी ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन एकत्र बसले, अथेन्सच्या तंत्र विद्यापीठातले जाणकार आले, आणि मार्च २०१७ मध्ये ती वास्तू आधाराविना उभी राहिली. त्यासाठी कोणी आपला दावा सोडला नाही. वास्तू कोसळली तर दाव्याला अर्थ उरणार नाही, एवढं तिघांनाही पटलं.

हे वाचताना मला आपलं शिरपूर आठवतं. वाशिम जिल्ह्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. मी दिगंबर घरात जन्मलो, म्हणून कोणाची बाजू खरी यावर मी बोलणार नाही. माझा शब्द एका बाजूचा धरला जाईल. फक्त घडलं ते सांगतो. १९०५ मध्ये दिगंबर आणि श्वेतांबर यांनी पूजेचं वेळापत्रक ठरवून घेतलं होतं. म्हणजे आपल्याकडेही स्टेटस को होता! पुढं वाद कोर्टात गेला आणि १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. मूर्ती कोणत्या स्वरूपात पुजायची, लेप कसा करायचा यावर तंटा वाढत गेला आणि १९८१ मध्ये गाभाऱ्याला कुलूप लागलं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. बेचाळीस वर्षं! तोवर भाविक झरोक्यातून दर्शन घेत राहिले. जमिनीला न टेकता अधांतरी असल्याची ज्या मूर्तीची ख्याती, ती दोन्ही बाजूंचीच. दोघांचेही पार्श्वनाथ तेच, तेविसावे. या काळात कितीतरी आजी-आजोबा गाभाऱ्यात पाऊल न टाकता गेले. अहिंसेचा आणि अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला हे कुलूप जड वाटायला हवं. जेरुसलेमचे सहा पंथ आपल्यापेक्षा प्रेमळ नाहीत. पण दार उघडं राहावं यासाठी किल्ली तिसऱ्याच्या हातात असलेली त्यांनी चालवून घेतली. आपल्याला एवढं जमेल का, हा प्रश्न मी माझ्या समाजापुढं ठेवतो. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या गावच्या देवळाचा, दर्ग्याचा, उत्सवाच्या मानाचा वाद चालू असेल त्यांच्यापुढंही.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या शास्त्रात तीर्थ शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. केवलज्ञानानंतर तीर्थंकर जे तीर्थ स्थापन करतात ते दगडाचं नसतं. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ, म्हणजे माणसं, हेच ते तीर्थ. ख्रिस्ती परंपरेतही हाच विचार आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना जिवंत दगड म्हटलेलं आहे. तेच शब्द आज पवित्र भूमीतल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांसाठी वापरतात.

हे जिवंत दगड कमी होत चालले आहेत. बेथलेहेम आणि शेजारचं बेत साहूर इथली ख्रिस्ती घरं पिढ्यान् पिढ्या ऑलिव्हच्या लाकडावर आणि शिंपल्यावर कोरीव काम करत आली. माझे रुग्ण आणतात तो क्रूस अशाच एखाद्या घरात झालेला असतो. पण जथ्याची बस बहुतेक वेळा जेरुसलेमहून तपासणी नाका ओलांडून येते, चर्च आणि एखादं दुकान दाखवते आणि काही तासांत परत फिरते. चार फुटांच्या त्या बुटक्या दारातून वाकून आत गेलेला यात्रेकरू दाराबाहेरच्या माणसाचं नावही न विचारता निघतो. या गावांतले हजारो लोक गेल्या शतकभरात परदेशी गेले. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत त्यांची मोठी वस्ती आहे. २०२० मध्ये कोविडनं यात्रा थांबवली. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धानं पुन्हा थांबवली. त्या वर्षीच्या नाताळात बेथलेहेमचे जाहीर उत्सव रद्द झाले आणि तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गोठ्याऐवजी दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवली गेली. यात्रेकरू येत नाहीत तेव्हा कारागिराची पटाशी थांबते, आणि ती फार दिवस थांबली की घर उठतं. उद्या सगळी चर्चेस जागच्या जागी राहतील, पण पहाटे घंटा ऐकून उठणारं गावातलं माणूस उरणार नाही. तेव्हा ती तीर्थं राहतील, की संग्रहालयं होतील?

तुम्ही-आम्ही मूळ गाव सोडून चार-पाच पिढ्या इथं रुजलेली माणसं. भाषा असो, देऊळ असो, ते राहतं कशानं, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. रोज कोणीतरी दिवा लावतं, कोणीतरी दार उघडतं, म्हणून ते राहतं.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी पवित्र भूमीला निघालं, किंवा शिखरजीला, श्रवणबेळगोळला, पंढरपूरला, अजमेरला, तर एवढं करा. दर्शन झाल्यावर लगेच बसकडे धावू नका. तिथं राहणाऱ्या एका माणसाशी बोला. त्याचं नाव विचारा, दिवसाची सुरुवात कशी होते ते विचारा, त्याची मुलं तिथंच राहणार आहेत का ते विचारा. वस्तू घ्यायची तर ती घडवणाऱ्याच्या हातून घ्या. शक्य झालं तर एक रात्र त्या गावात मुक्काम करा. आणि परत आल्यावर आपल्या गावातल्या ज्या दाराला आपल्याच हट्टानं कुलूप लागलं असेल, त्या दारासमोर पलीकडच्या बाजूच्या माणसाबरोबर एकदा बसा. पाण्याची बाटली महिनाभरात संपेल, पण एवढं केलंत तर यात्रा संपणार नाही.